ओव्हरटाइमचा दुप्पट दर कुठून आला?

मागच्या पावसाळ्यात आपल्या मंडळाने ‘घरातले जुने कागद’ ही मोहीम घेतली होती. पिपलानी, बरखेडा, अवधपुरी या भागातल्या लोकांनी आपल्याकडची जुनी पत्रं, फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या आणाव्यात, आपण त्या स्कॅन करून परत द्याव्यात, एवढाच उद्देश होता. भेलचा कारखाना १९५६ साली ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ या नावाने स्थापन झाला. त्याच्यामागोमाग देशभरातून माणसं इथे आली, त्यांच्याभोवती छोटे कारखाने उभे राहिले. त्या साऱ्यांचे कागद आता माळ्यावर पडून आहेत. बरंच काही आलं. लग्नपत्रिका आल्या, रेशनकार्डं आली, गणेशोत्सवाच्या पावत्या आल्या. आणि एक डायरी आली.

डायरी १९९६ सालची, खिशात मावणारी, वंगणाच्या दुकानाने भेट दिलेली. पानावर तारीख आणि तिच्यासमोर पेन्सिलीने ‘८ + ३’, ‘८ + २॥’, ‘८ + ४’. बाकी काही नाही. ज्यांनी ती आणली ते मूळचे पांढुर्ण्याकडचे, निवृत्त टर्नर, आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सगळे त्यांना काका म्हणतात. मी त्यांना ओळखत होतो. नव्वदच्या दशकात मी ज्या खाजगी कारखान्यात शिफ्ट इंजिनियर होतो, तिथेच ते लेथवर होते. डायरीतला ‘८’ म्हणजे पाळी. पुढचा आकडा म्हणजे ओव्हरटाइम. आणि त्या महिन्यांच्या कागदांवर सही माझी होती.

त्या सहीबद्दल पुढे लिहितो. डायरी चाळताना मला आधी एक साधा प्रश्न पडला. जादा तासाला दुप्पट पैसे, हे आपण सगळे गृहीत धरतो. पण दुप्पटच का? दीडपट का नाही? आणि हे ठरवलं कोणी, कधी? सहा महिने वाचन केलं. त्याचा हा गोषवारा.

दिवस म्हणजे किती तास?

ओव्हरटाइम ही कल्पना समजायला आधी ‘टाइम’ लागतो. ठरलेली मर्यादाच नसेल तर तिच्यापलीकडचं काम मोजणार कसं? मुंबईत कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, तेव्हा आणि नंतरची कित्येक वर्षं अशी मर्यादा नव्हती. सूर्य उगवला की गिरणी सुरू, मावळला की बंद. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. म्हणजे त्याच रोजात उन्हाळ्यात दोन तास जास्त काम. ते दोन तास ‘जादा’ आहेत असं कोणाच्या मनातही आलं नसेल.

पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यासाठी मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली यांनी चिकाटीने खटपट केली होती. शंभर किंवा अधिक माणसं आणि यंत्रशक्ती असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, असं त्यात होतं. प्रौढ कामगाराच्या तासांबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.

ते अक्षर मागायला पुढे आले नारायण मेघाजी लोखंडे. जोतीरावांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक, काही काळ गिरणीत स्टोअरकीपर. सप्टेंबर १८८४ मध्ये २३ आणि २६ तारखेला त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारने नेमलेल्या कमिशनसाठी एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्या-अंगठे होते. मागण्या अशा : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पगार.

‘साडेसहा ते सूर्यास्त’ ही मागणी आज ऐकायला विचित्र वाटते. दोन वर्षांनी शिकागोत कामगार आठ तासांसाठी रस्त्यावर आले आणि आमचे लोक सूर्यास्त मागत होते! पण नीट पाहा. सुरुवातीला घड्याळाचा आकडा आहे, शेवटाला सूर्य. सकाळची वेळ मालकाच्या मर्जीवर सोडायची नाही, एवढं तरी त्यांनी मागितलं. अर्धी मर्यादा का होईना, पण कामगारांनी स्वतः आखलेली ही पहिली रेघ.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आपल्या घराघरातल्या रविवारचं मूळ इथे आहे. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा घातली, मुलांना सात तासांची. प्रौढ पुरुष अजूनही बाहेरच राहिला.

दिवा आला, घड्याळही बदललं

इथे माझ्यातला इंजिनियर जरा जागा होतो. सूर्यास्ताची मर्यादा कायद्याने दिलेली नव्हती, ती अंधाराने दिलेली होती. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ती मर्यादा संपली. १९०५ च्या सुमारास बाजार तेजीत असताना दिवे लावलेल्या मुंबईच्या गिरण्या तेरा, चौदा, क्वचित पंधरा तासही चालू लागल्या. आपण विजेची यंत्रं बनवणाऱ्या गावात राहतो, विजेचं कौतुक आपल्याला असणारच. पण त्या काळच्या विणकराच्या दृष्टीने बल्ब म्हणजे रोजच्या झोपेतून कापलेले दोन तास.

तेवढ्यात घड्याळही हललं. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ आणली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे होती. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाने वाजला, तर कामगाराला उन्हाच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी दारात हजर व्हावं लागणार. संध्याकाळी तेवढंच लवकर सोडतील याचा भरवसा कोणी द्यायचा? त्याच जानेवारीत जेकब ससून मिलच्या कामगारांनी काम थांबवलं, दगडफेक झाली. हा प्रसंग बऱ्याचदा ‘अडाणी लोकांनी प्रमाणवेळेला केलेला विरोध’ असा गमतीने सांगितला जातो. मला तसं वाटत नाही. तासांची मर्यादा कायद्यात नाही आणि घड्याळ मालकाच्या हातात, अशा वेळी काटा पुढे सरकवणं म्हणजे काय, हे त्यांना अचूक कळलं होतं.

त्यानंतर कमिट्या बसल्या. १९०७-०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनच्या बहुसंख्य सभासदांनी प्रौढ पुरुषांचे तास कायद्याने बांधायला नकार दिला. डॉ. टी. एम. नायर यांनी वेगळं मत नोंदवलं, की तास बांधायलाच हवेत. शेवटी १९११ च्या कायद्यात कापड गिरण्यांपुरती पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली. १८८१ पासून तीस वर्षं लागली, तेव्हा प्रौढ पुरुषाचा दिवस कायद्यात मोजला गेला.

सव्वापट

मर्यादा आली. आता ती ओलांडली तर काय, हा प्रश्न आला.

याचं उत्तर बाहेरून आलं. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. हे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक. त्या परिषदेने केलेला पहिलाच करार कामाच्या तासांबद्दल होता : दिवसाला आठ, आठवड्याला ४८. हिंदुस्थानाला मात्र सवलत दिली, आठवड्याला ६० तासांची. आणि त्याच करारात एक छोटं वाक्य होतं, की जादा कामाचा दर नेहमीच्या दराच्या सव्वापटीपेक्षा कमी नसावा.

इकडे मुंबईत कामगार थांबायला तयार नव्हते. १९२० च्या सुरुवातीला लाखाहून जास्त गिरणी कामगारांनी संप केला आणि दहा तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. कायद्याच्या आधी संपाने मिळवलेली ही गोष्ट आहे. मग १९२२ चा कायदा आला. त्यात सगळ्या प्रौढांना दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली आणि सूट घेऊन त्यापुढे काम करवलं तर सव्वापट दर लावला. आपल्या कायद्यात ओव्हरटाइमचा जन्म हा इथला.

१९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तास ठरवले. जिनिंग-प्रेसिंगसारख्या हंगामी कारखान्यांना अकरा आणि साठ. जादा कामाला प्रकाराप्रमाणे कधी सव्वापट, कधी दीडपट. म्हणजे मर्यादा खाली येत होती आणि दर वर चढत होता. या दोन रेघा आलेखावर एकत्र काढून पाहा. त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत.

४८ तास आणि एक दुरुस्ती

दर १ मे ला आणि १४ एप्रिलला एक मजकूर फोनवर फिरतो, की बाबासाहेबांनी १९४२ साली एका परिषदेत कामाचे तास बारावरून (काही ठिकाणी चौदावरून) आठवर आणले. इतिहास मंडळाच्या सभासदांनी तरी हा मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवू नये अशी माझी विनंती आहे. कारण १९४२ साली कायद्यातली मर्यादा बारा नव्हतीच. ती दहा होती, आठवड्याला ५४. आणि ती एका परिषदेत नव्हे, तर कायदेमंडळात विधेयक मांडून खाली आणावी लागली.

पण दुरुस्ती केली म्हणून बाबासाहेबांचं काम लहान होत नाही. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्याच काळात कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. १९४६ च्या त्या कायद्याने बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला, दिवसाची मर्यादा नऊ तास झाली, ओव्हरटाइमचा दर वाढला. वॉशिंग्टनला ज्या ४८ तासांतून हिंदुस्थानाला वगळलं होतं, ते ४८ तास सत्तावीस वर्षांनी इथे आले. एका घोषणेने ‘बाराचे आठ’ झाले असं म्हटलं, की लोखंड्यांची सभा, जेकब ससूनचे कामगार, १९२० चा संप, जोशींची वारी, हे सगळं पुसलं जातं. आणि विधेयक, चर्चा, मतदान अशी बाबासाहेबांची कामाची पद्धतही पुसली जाते.

स्वातंत्र्यानंतर जगजीवनराम कामगारमंत्री असताना १९४८ चा कारखाना कायदा झाला आणि १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. आमच्या पिढीने नोकरी केली ती याच कायद्याखाली. कलम ५१ : आठवड्याला ४८ तास. कलम ५४ : दिवसाला नऊ. कलम ५९ : त्यापुढे प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या दुप्पट. हा ‘नेहमीचा दर’ म्हणजे फक्त मूळ पगार नव्हे, त्यात भत्तेही धरायचे, बोनस सोडून. आणि दुप्पट दिले म्हणजे कितीही राबवता येतं, असंही नाही. ओव्हरटाइम धरून आठवडा साठच्या वर जायचा नाही आणि तीन महिन्यांत एकूण जादा तास ५०, काही परिस्थितीत ७५.

दुप्पटच का?

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी वर्षानुवर्षं असं समजत होतो की दुप्पट दर म्हणजे थकलेल्या माणसाला दिलेलं बक्षीस. कामगारही तसंच समजायचे. ‘ओटी मिळाला का?’ असं एकमेकांना विचारायचे, जणू ती लॉटरीच. मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, सगळं ओटीवर.

पण कायद्याचा क्रम पाहिला की वेगळं दिसतं. आधी मर्यादा आली, दर नंतर, आणि दर आला तो मर्यादेच्या राखणीसाठी. साधा हिशेब करून बघू. कारखान्यात दररोज आठ माणसांकडून चार-चार तास जादा काम हवं आहे. म्हणजे ३२ तासांचं काम. तेच काम चार नवीन माणसं आठ तासांत करतील. जादा तासाला एकपट दर असेल तर दोन्हीकडे पगार सारखाच, ३२ तासांचा. मग मालक नवी माणसं का घेईल? नव्या माणसांची रजा, फंड, शिकवणं, उद्या काम कमी झालं तर त्यांचं काय करायचं ही कटकट. जुन्याच माणसांना ताणणं सोयीचं. दर दुप्पट केला की ताणणं पडतं ६४ तासांना आणि नवी माणसं ३२ तासांना. आता मालक स्वतःच्या फायद्यासाठी आठ तासांवर थांबेल.

म्हणजे दुप्पट दर ही मर्यादेला घातलेली काटेरी वई आहे. अमेरिकेत १९३८ मध्ये महामंदीच्या काळात दीडपट दराचा कायदा झाला, त्यामागेही हाच विचार होता, की आहे ते काम जास्त माणसांत वाटलं जावं. आपली वई त्याहून उंच आहे.

आणि वई कितीही उंच असली तरी ती एका गोष्टीवर उभी असते. तास लिहिले गेले पाहिजेत.

दोन वह्या

कायदा करणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून कलम ६१ प्रमाणे कामाच्या वेळा फलकावर लावायच्या, कलम ६२ प्रमाणे प्रौढ कामगारांचं रजिस्टर ठेवायचं आणि कलम ६३ प्रमाणे फलक व रजिस्टर यांच्याशी जुळेल असंच काम करवायचं. इन्स्पेक्टर आला की या तीन गोष्टी एकमेकींशी ताडून बघतो.

आमच्या कारखान्यात त्या ताडल्या तर तंतोतंत जुळायच्या. कारण रजिस्टरमध्ये सगळ्यांचे आठच तास लिहिलेले असायचे. जादा तासांची एक कच्ची वही वेगळी होती. त्याचे पैसे महिनाअखेरीला व्हाउचरवर दिले जायचे, एकपट दराने, आणि व्हाउचरवर शब्द असायचा ‘प्रोत्साहन’. रजिस्टरवर आणि व्हाउचरवर शिफ्ट इंजिनियरची सही लागायची. मी पंचविशीत होतो, नोकरी नवी होती, मार्चच्या आत माल पाठवायचा होता. मी सही केली. एकदा नाही, दर महिन्याला. त्या वेळी मला ते चूक वाटलं असंही मी आज म्हणणार नाही. कामगारांना रोख पैसे मिळतायत, ते खूश आहेत, असं मी स्वतःला सांगत होतो. कलम ५९ मी वाचलेलंच नव्हतं. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत आम्हाला धातूचा थकवा शिकवला होता, माणसाचा नाही.

आता डायरी समोर होती. जानेवारी ते मार्च १९९६, तेरा आठवडे. सगळ्या ‘+’ पुढच्या आकड्यांची बेरीज मी दोनदा केली. १९६ तास. कायद्याची मर्यादा तीन महिन्यांना ५० किंवा फार तर ७५. काकांचा पगार तेव्हा महिना २,७०४ रुपये होता. सव्वीस दिवस आणि आठ तासांनी भागलं तर तासाला १३ रुपये. एकपट त्यांना मिळाले. दुसरी पट राहिली ती १९६ गुणिले १३, म्हणजे २,५४८ रुपये. एका महिन्याच्या पगारापेक्षा फक्त १५६ रुपयांनी कमी. तीन महिन्यांत एक महिना जवळजवळ फुकट गेला. आणि ही एका माणसाची एका तिमाहीची गोष्ट. त्या शेडमध्ये आम्ही चाळीस जण होतो.

मी हा हिशेब कागदावर मांडून काकांच्या घरी गेलो. वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि म्हणाले, “हे मले तवाच ठाऊक होतं जी.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोलून कोणाले सांगणार? वही तुमची, सही तुमची. म्हणून तर मी माझी वही केली.”

तो कारखाना आता नाही. कोणाकडे काही मागायची वेळ केव्हाच गेली. मी माफी मागितली. ते म्हणाले, “असू द्या साहेब, चहा घ्या.” आजही ते मला साहेबच म्हणतात.

वई कुठे कुठे उसवली

हे सगळं इतिहासजमा झालं असं कोणाला वाटत असेल, तर २०२० सालची एक गोष्ट सांगतो. लॉकडाऊनमध्ये १७ एप्रिल २०२० रोजी गुजरात सरकारने अधिसूचना काढली. कारखान्यांना २० एप्रिल ते १९ जुलैपर्यंत दिवसाला बारा आणि आठवड्याला ७२ तास काम करवायची मुभा, आणि जादा तासांचा दर दुप्पट नव्हे, एकपट. आठवड्याचा हिशेब बघा. दुप्पट दराने ७२ तासांच्या कामाचा पगार ९६ तासांचा झाला असता. अधिसूचनेप्रमाणे तो ७२ तासांचाच. दर आठवड्याला २४ तासांचा पगार, म्हणजे तीन दिवसांची मजुरी, एका कागदाने कमी झाली.

कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती अधिसूचना रद्द केली. निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला होता. महामारीमुळे आलेली आर्थिक अडचण ही देशाच्या सुरक्षेला धोका आणणारी ‘सार्वजनिक आणीबाणी’ होत नाही, आणि ओव्हरटाइमचे पैसे नाकारणं हा जगण्याच्या हक्कावर व सक्तीच्या मजुरीविरुद्धच्या हक्कावर घाला आहे, असा त्याचा आशय. त्या तीन महिन्यांचा दुप्पट दर कामगारांना द्यावा असा हुकूमही झाला. लोखंड्यांच्या अर्जापासून या निकालापर्यंत १३६ वर्षं होतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाला बारा तासांपर्यंत काम करवता येईल आणि तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांवर नेता येईल, असा निर्णय घेतला. त्याला कामगाराची लेखी संमती हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता देशभर लागू झाल्या. दुप्पट दर त्यांतही टिकला आहे. संमतीची अटही आहे. पण काकांना त्या वेळी संमतीचा कागद दिला असता तर त्यांनी सही केली नसती का? केली असतीच. मीही केलीच होती की.

आपल्या गेटवरची वही

शेवटी घराजवळची गोष्ट. आमच्या कॉलनीच्या गेटवर दोन चौकीदार आहेत. एक सकाळी आठ ते रात्री आठ, दुसरा रात्री आठ ते सकाळी आठ. हजेरीच्या वहीत नुसती ‘हजर’ अशी टीप असते, तास नसतात. किमान वेतनाच्या कायद्यातही १९४८ पासून जादा तासांची तरतूद होती, हे कोणाच्या गावी नाही.

आठ तासांचा दिवस धरून मी हिशेब केला. बारा तासांच्या चौकीदाराला जादा चार तासांचा दुप्पट दर दिला तर त्याचा रोज सोळा तासांचा होतो. दोघांचा मिळून बत्तीस तासांचा. तीन चौकीदार आठ-आठ तासांना ठेवले तर एकूण चोवीस तासांचा. म्हणजे नियमाने वागलं तर तीन माणसं दोघांपेक्षा स्वस्त पडतात, वई आपलं काम बरोबर करते. आपण मात्र दोघांना आठ-आठ तासांचाच रोज देतो, सोळा तासांचा. उरलेले आठ तास रोज फुकट.

कॉलनीच्या बैठकीत मी हे मांडलं. मेंटेनन्स वाढेल म्हणून विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढच्या बैठकीत मी तो पुन्हा मांडणार आहे. तोपर्यंत एक छोटी गोष्ट करून घेतली. गेटवरच्या वहीत आता येण्याची आणि जाण्याची वेळ लिहिली जाते, आणि लिहितो तो चौकीदार स्वतः.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात जुन्या पगारचिठ्ठ्या, हजेरीची कार्डं, ओव्हरटाइमच्या पावत्या किंवा काकांसारखी एखादी डायरी असेल तर रद्दीत घालू नका. मंडळाला आणून दाखवा. स्कॅन करून मूळ प्रत त्याच दिवशी परत देऊ. कारखान्यांची रजिस्टरं त्या त्या वेळच्या सहीने बंद झाली आहेत. त्यांत काय लिहिलं नाही, ते फक्त अशा डायऱ्यांमधूनच कळणार आहे.